पॉलिहाऊसच्या टोमॅटोत मुळांवर गाठी: नागपूर भागातल्या शेतकऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काटोल, कळमेश्वर, हिंगणा, सावनेर, उमरेड इकडे पॉलिहाऊस किंवा शेडनेटमध्ये टोमॅटो घेणाऱ्यांचे फोन साधारण जानेवारीनंतर वाढतात. पहिलं-दुसरं पीक छान गेलेलं असतं, तिसऱ्यात काहीतरी बिघडतं. सूत्रकृमी, म्हणजे ज्याला सगळे निमॅटोड म्हणतात, त्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. ज्यांचं पीक आत्ता उभं आहे त्यांनी सहावा प्रश्न आधी वाचावा. ज्यांचे बेड रिकामे आहेत त्यांनी नववा आधी वाचावा, कारण या रोगावरचं खरं काम तिथेच होतं.

१. झाडं दुपारी माना टाकतात आणि संध्याकाळी परत ताठ होतात. पाणी तर पुरेसं आहे. हा निमॅटोडच का?

शक्यता मोठी आहे, पण वरून बघून कोणीच सांगू शकत नाही. झाड पिवळं पडणं, खुरटणं, फळ बारीक राहणं, खत देऊनही उठाव न येणं ही लक्षणं दहा कारणांनी येतात. निमॅटोडची एक खूण मात्र उपयोगी पडते: तो ठिपक्याठिपक्याने दिसतो. एका बेडमध्ये सात-आठ झाडं बसकी, पुढची बरी, मग पुन्हा एक पट्टा बसका, असं चित्र असेल तर संशय घ्या. संपूर्ण पॉलिहाऊस एकसारखं पिवळं असेल तर आधी पाण्याचा ईसी (त्यातलं क्षारांचं प्रमाण) आणि खताचं वेळापत्रक तपासा.

पक्कं करायला झाड खुरप्याने मुळासकट उकरावं लागतं. हिसका देऊन उपटलं तर बारीक मुळं मातीतच तुटून राहतात आणि गाठी नेमक्या त्या बारीक मुळांवर असतात. मुळं बादलीतल्या पाण्यात हलक्या हाताने धुवून बघा. मेलेलं झाड उकरू नका, जे नुकतंच कोमेजायला लागलं आहे ते घ्या.

झाड एकदा कोमेजलं आणि रात्रीतूनही उठलं नाही, तर जिवाणूजन्य मरही तपासा. खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा धरा. काही मिनिटांत कापातून दुधासारखी पांढरी धार खाली उतरली तर तो जिवाणू आहे. दोन्ही रोग एकाच झाडात असणं हेही नेहमीचंच, कारण निमॅटोडने भोकं पाडलेल्या मुळांतून मर रोगाची बुरशी आणि जिवाणू सहज आत शिरतात.

२. सोयाबीनच्या मुळांवरही गाठी असतात आणि त्या चांगल्या म्हणतात. मग या वाईट कशा?

सोयाबीन, तूर, बरबटी यांच्या मुळांवर रायझोबियम या नत्र पुरवणाऱ्या जिवाणूच्या गाठी असतात. त्या मुळाला बाजूने चिकटलेल्या असतात, अंगठ्याने घासल्या की निघतात आणि फोडल्या तर आतून गुलाबी दिसतात. निमॅटोडची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती वेगळी काढता येत नाही. टोमॅटोला रायझोबियमच्या गाठी येतच नाहीत.

३. हा नेमका काय आहे, किडा की बुरशी?

दोन्ही नाही. डोळ्यांना न दिसणारा, धाग्यासारखा, जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा जीव आहे. आपल्याकडे टोमॅटोवर मुख्यतः मेलॉइडोगायनी इन्कॉग्निटा आणि मेलॉइडोगायनी जावानिका या दोन जाती सापडतात. अंड्यातून निघालेलं पिल्लू मातीतल्या ओलीतून पोहत मुळाच्या टोकाशी येतं, आत शिरतं आणि एका जागी ठाण मांडतं. आजूबाजूच्या पेशींना फुगवून तो आपला खानावळीचा डबा तयार करतो. झाडाने फळाकडे पाठवायचं अन्न तिथे वळतं, पाणी वर नेणाऱ्या नळ्या वाकड्या होतात, आणि तुम्हाला दुपारी माना टाकलेली झाडं दिसतात.

मादी नासपतीच्या आकाराची होते आणि एका चिकट पिशवीत काहीशे अंडी घालते. तिला नराची गरजही नसते. २५ ते ३० अंश तापमानाच्या मातीत अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंतचा फेरा महिनाभरात पूर्ण होतो. सप्टेंबरात लावलेलं पीक एप्रिलपर्यंत चालवलं तर किती पिढ्या होतात ते मोजा. लावणीच्या वेळी मूठभर असलेले फेब्रुवारीत डोळ्यात भरतात ते यामुळेच.

४. आमच्याकडे आला कुठून? पॉलिहाऊस तर नवीन आहे.

बहुतेक वेळा रोपांबरोबर. जमिनीवरच्या वाफ्यात तयार झालेली रोपं हा सगळ्यात सोपा मार्ग आहे. रोप घेताना ट्रेमधलं आणि कोकोपीटमधलंच (नारळाच्या काथ्याच्या भुशातलं) घ्या, आणि प्रत्येक लॉटमधली चार-पाच रोपं धुवून मुळं बघा. नर्सरीवाला नाराज झाला तर होऊ द्या.

दुसरा मार्ग बेडसाठी आणलेल्या लाल मातीचा. ती माती एखाद्या वांग्याच्या किंवा भेंडीच्या वावरातली असेल तर तुम्ही ट्रॉली भरून निमॅटोडच विकत घेतला. बाकी मग भाड्याने आणलेला पॉवर टिलर, मजुरांच्या चपला, धुऱ्यावरून आत आलेलं पावसाचं पाणी, मातीसकट भरलेलं शेणखत. निमॅटोड स्वतःच्या बळावर वर्षभरात मीटरभर सरकला तरी खूप. दूरचा प्रवास आपणच घडवतो. दारात वेगळ्या चपला आणि एका पॉलिहाऊसची अवजारं दुसऱ्यात न नेणं, एवढ्याने बरंच थांबतं.

५. काळ्या जमिनीत निमॅटोड होत नाही, हे खरं का?

भारी काळ्या मातीत त्याची हालचाल कमी असते, रेताड आणि भुसभुशीत मातीत जास्त. पण पॉलिहाऊसचे बेड आपण काळ्या मातीचे ठेवतो कुठे? लाल माती, शेणखत आणि धानाचा भुसा मिसळून, निचरा चांगला व्हावा म्हणून, त्याच्या आवडीचंच घर बांधतो.

६. पीक उभं आहे, तोडा चालू आहे आणि गाठी दिसल्या. आता काय करू?

आधी हे मान्य करा की गाठ पडलेलं मूळ परत सरळ होत नाही. आता फक्त झाड तगवून जेवढे तोडे मिळतील तेवढे काढायचे आहेत. त्यासाठी नवीन मुळं फुटली पाहिजेत. टोमॅटोच्या खोडाला माती लागली की तिथून मुळं फुटतात, म्हणून खालची पानं काढून खोडाशी शेणखत आणि कोकोपीटची चार-पाच बोटं भर द्या आणि ती ओलसर ठेवा. पाणी एकदम भरपूर न देता दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं सोडा, खतही तसंच हप्त्याहप्त्याने. दुपारी शेडनेट ओढून झाडावरचा ताण कमी करा. मुळं अर्धी निकामी असताना झाडावर फळांचा भार जास्त ठेवला तर झाड लवकर बसतं, म्हणून वरचे एक-दोन घोस छाटायला हात आखडू नका.

ड्रिपमधून पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम ही अंडी खाणारी बुरशी सोडता येते. पूर्वी हिला पॅसिलोमायसिस म्हणत आणि दुकानात अजून तेच नाव चालतं. ती पुढच्या पिढीची अंडी कमी करते, आजची गाठ घालवत नाही. रसायनाबद्दल आठव्या प्रश्नात बघा.

आणि हिशेब करा. फेब्रुवारीत निम्मी झाडं बसली असतील आणि नागपूरच्या कॉटन मार्केटला, म्हणजे भाजीबाजारात, टोमॅटोचा भाव पडलेला असेल, तर पीक एप्रिलपर्यंत ओढत नेण्यापेक्षा मार्चमध्येच काढणं स्वस्त पडतं. प्रत्येक जादा महिना म्हणजे मातीत अंड्यांची आणखी एक पिढी.

७. पूर्वी फोरेट टाकायचो, दुकानदार अजून मिळवून देतो म्हणतो. टाकू का?

नाही. ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेटवर देशात बंदी आहे. बंदी नसती तरी रोज तोडणी होणाऱ्या, कच्चं खाल्लं जाणाऱ्या टोमॅटोत, तेही बंद पॉलिहाऊसमध्ये, ते टाकायची गोष्ट नव्हती. २०१७ मध्ये विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने उघड्या वावरात माणसं दगावली. पॉलिहाऊसमध्ये तर वाराही नसतो.

८. मग कोणतं औषध चालतं?

टोमॅटोतल्या मूळगाठ सूत्रकृमीसाठी सध्या दोन नावं जास्त ऐकाल: फ्लुओपायरम आणि फ्लुएन्सल्फोन. फ्लुएन्सल्फोन दाणेदार येतं आणि लावणीच्या आधी मातीत मिसळायचं असतं. उभ्या पिकाच्या बुडाशी टाकून चमत्काराची वाट बघणारे लोक भेटतात, त्यांचा पैसा जातो. फ्लुओपायरम पातळ येतं, झाडाच्या बुडाशी ओतून किंवा ड्रिपमधून देतात आणि लावणीच्या सुमारास दिलं तरच त्याचं मोल वसूल होतं. ते मुळात बुरशीनाशकाच्या कुळातलं आहे, म्हणून ट्रायकोडर्मा किंवा पॅसिलोमायसिस या उपयोगी बुरशी त्याच्याबरोबर मिसळू नका, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

मात्रा इथे मुद्दाम दिलेली नाही. बाटलीच्या लेबलवर टोमॅटो आणि सूत्रकृमी दोन्ही छापलेलं आहे का ते बघा, तिथलीच मात्रा आणि तोडणीपूर्वीचा तिथलाच कालावधी पाळा. पक्कं बिल घ्या.

९. उन्हाळ्यात माती प्लास्टिकने झाकतात म्हणे. खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि या कामात नागपूरइतकी सोय फार थोड्या ठिकाणी आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो म्हणून आपण वैतागतो, पण निमॅटोडच्या दृष्टीने तो काळ त्याहून वाईट असतो. ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक नीट बसलं तर वरच्या १५ सेंटिमीटरच्या थरात तापमान ४५ ते ५० अंशांपर्यंत जातं. असं रोज काही तास, सलग काही आठवडे झालं की पिल्लं आणि अंडी दोन्ही मरतात. बियाण्याला एक रुपया जास्त खर्चण्यापेक्षा हे प्लास्टिक आधी घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण बहुतेकांचं हे अर्धवट होतं, म्हणून क्रम नीट सांगतो.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पीक काढा. झाडं वरून कापून नेऊ नका, मुळं कुदळीने उकरून बाहेर काढा, कारण गाठीच्या आत ऊन पोचायला वेळ लागतो. काढलेली मुळं शेणखताच्या खड्ड्यात टाकायची नाहीत. पॉलिहाऊसपासून दूर, उन्हात कडकडीत वाळवून जाळा. मग बेड फोडून ढेकळं बारीक करा. उंच-सखल राहिलं की प्लास्टिकखाली हवा साठते आणि तापमान चढत नाही. याच वेळी कोंबडीखत किंवा पानकोबीचा ताजा पाला मिसळला तर तो कुजताना निघणारा वायू उन्हाच्या जोडीला काम करतो. कोंबडीखत मात्र बेताने, नाहीतर मातीतले क्षार वाढतात.

नंतर पाणी. माती फूटभर खोल ओली झाली पाहिजे, कारण कोरड्या मातीत उष्णता खाली उतरत नाही आणि कोरडी अंडी चिवट असतात. ड्रिपच्या नळ्या प्लास्टिकखाली ठेवल्या तर मध्ये एकदा पाणी देता येतं.

प्लास्टिक पारदर्शकच हवं, २५ मायक्रॉनचं, ज्याला दुकानदार १०० गेज म्हणतात. काळ्या मल्चिंग पेपरने हे होत नाही: काळा पेपर स्वतः तापतो, माती तेवढी तापत नाही. कडा चहूबाजूंनी मातीत गाडा, फाटलं तर लगेच टेप लावा. पॉलिहाऊसचे पडदे पूर्ण बंद ठेवा. आतले सेन्सर, फॉगरचे नोझल, प्लास्टिकच्या कॅन आधीच बाहेर काढा, आणि दुपारी कोणाला आत पाठवू नका, तिथे माणूसही भाजून निघतो.

किमान सहा आठवडे ठेवा. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात झाकलं आणि २५ मेच्या सुमारास सुरू होणारा नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) त्यात आला, तर मनासारखं झालं.

दोन जागा नेहमी सुटतात: बेडच्या कडा आणि खांबांच्या बुडाशी असलेली माती. तिथे तापमान कमी राहतं आणि पुढच्या हंगामात पहिलं बसकं झाड तिथेच दिसतं. म्हणून बेडमधल्या चालायच्या वाटाही झाका. प्लास्टिक काढल्यावर खोल नांगरट अजिबात नको, ती खालची जिवंत अंडी वर आणते. वरची चार बोटं हलवा आणि लावा.

१०. आमचं शेडनेट आहे, पॉलिहाऊस नाही.

शेडनेट ऊन अडवतं, त्यामुळे परिणाम कमी होतो. शक्य असेल तर त्या सहा आठवड्यांसाठी वरची जाळी गुंडाळून ठेवा. बाकी पद्धत तीच. अवकाळीत गारपीट झाली तर प्लास्टिकला भोकं पडतात, टेप हाताशी असू द्या.

११. निंबोळी ढेप किती आणि कधी?

बेडच्या दर चौरस मीटरला २०० ते २५० ग्रॅम, लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी. नुसती ढेप टाकण्यापेक्षा ती मुरवून टाकलेली बरी: एक टन चांगल्या कुजलेल्या शेणखतात थोडी ढेप आणि ट्रायकोडर्मा, स्यूडोमोनास (हा उपयोगी जिवाणू), पॅसिलोमायसिस प्रत्येकी दोन किलो मिसळा, सावलीत ढीग लावून गोणपाटाने झाका, ओल ठेवा, आठवड्याने एकदा उलथा. पंधरा दिवसांत बुरशी ढीगभर पसरते. हे सगळं प्लास्टिक काढल्यानंतरच, आधी टाकलं तर तेही उन्हात जाईल.

पाकिटावर तारीख बघणं सगळ्यांना माहीत आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाकीट कुठे ठेवलं होतं. मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात महिनाभर पडलेलं पाकीट तारखेत असलं तरी आत काही जिवंत असेल याचा भरवसा नाही. थंड जागी साठवणाऱ्या दुकानातून घ्या.

१२. टोमॅटोच्या ओळीच्या टोकाला झेंडू लावला आहे. एवढं पुरेल ना?

नाही. झेंडूच्या मुळांत निमॅटोडला घातक असं द्रव्य असतं हे खरं आहे, पण ते काम करतं त्या मुळाच्या जवळपासच. टोकाला चार झाडं शोभेची होतात. उपयोग हवा असेल तर पूर्ण बेडवर, दाट, किमान दोन-अडीच महिने झेंडूचंच पीक घ्या. फ्रेंच झेंडू, म्हणजे बुटका, बारीक फुलांचा, यात जास्त चांगला. उन्हात तापवून झालेल्या बेडवर जूनच्या शेवटी झेंडू लावला तर फुलं दसऱ्याच्या आसपास येतात, मात्र टोमॅटो ऑक्टोबरावर जातो. ज्यांना सप्टेंबरात लावायचंच आहे त्यांनी पावसाळ्यात बोरू पेरून फुलोऱ्याआधी गाडावा. त्यावरही हा निमॅटोड फारसा वाढत नाही.

१३. आम्ही फेरपालट करतो. टोमॅटोनंतर काकडी, मग ढोबळी मिरची.

हे तिन्ही त्याला आवडतात. काकडीवर तर टोमॅटोपेक्षा मोठ्या गाठी येतात. जरबेरा, कार्नेशनही त्याच यादीत. बाहेरच्या शेतात भेंडी, वांगे, दुधी टाळून ज्वारी घेता येते, किंवा मौदा-रामटेककडे धानाची बांधी करून पाणी साचवता येतं. पॉलिहाऊसमध्ये ज्वारी कोणी घेणार नाही हे मलाही कळतं, म्हणूनच उन्हाळ्यातलं तापवणं आणि पावसाळ्यातलं झेंडू किंवा बोरू यावर एवढा जोर. आणि तण काढा. घोळ, माठ, कांगुणी यांच्या मुळांवर तो रिकाम्या पॉलिहाऊसमध्ये आरामात हंगाम काढतो.

१४. कंपनी म्हणते वाण निमॅटोडला प्रतिकारक आहे. मग बाकी सगळं कशाला?

टोमॅटोत ‘एमआय’ नावाचा जनुक असतो, तो जंगली टोमॅटोतून १९४० च्या दशकात संकर करून आणलेला आहे, आणि आपल्याकडच्या मुख्य जातींवर चांगला चालतो. त्याची एक अडचण नेमकी आपल्याला भोवते: मातीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की तो ढिला पडतो. त्यामुळे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात लावलेल्या पिकाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्याचा पूर्ण फायदा मिळतो, मार्चनंतर नाही. उन्हाळी लावणीत त्यासाठी जादा पैसे मोजू नका. शिवाय मेलॉइडोगायनी एंटेरोलोबी नावाची जात, जी भारतात पेरूच्या बागांत पसरली आहे, ती या जनुकाला जुमानत नाही. पेरूची कलमं ठेवणाऱ्या नर्सरीतून भाजीची रोपं किंवा माती आणू नका.

१५. कलमी रोपं?

रानवांग्याच्या खुंटावर बांधलेली टोमॅटोची रोपं मिळतात. हा खुंट मूळगाठीला चांगला टिकतो आणि जिवाणूजन्य मर रोगालाही बराच तोंड देतो. रोप महाग पडतं, पण दोन्ही रोग असलेल्या पॉलिहाऊसमध्ये मी हेच सुचवेन. लावताना कलमाचा जोड मातीच्या वर ठेवा, आणि सहाव्या प्रश्नात सांगितलेली खोडाला भर इथे अजिबात देऊ नका. जोडाच्या वर मुळं फुटली की कलमाचा अर्थच संपला.

१६. कोकोपीटच्या पिशव्यांत लावलं तर कटकट मिटेल?

मातीशी संबंध तुटला तर बऱ्यापैकी. पिशवीचं बूड जमिनीला टेकलं आणि मुळं खाली उतरली की पुन्हा तेच. खाली वीड मॅट (तण रोखणारं जाड विणलेलं कापड) टाका. पाणी आणि खताचं गणित मात्र रोज सांभाळावं लागेल, एक दिवस वीज गेली तरी झाड दाखवतं.

१७. संत्र्याच्या बागेतला निमॅटोड टोमॅटोत येतो का?

नाही. संत्र्यावरचा वेगळा, त्याला टोमॅटो चालत नाही. पण संत्र्याच्या झाडांमध्ये आंतरपीक म्हणून वांगे किंवा टोमॅटो घेतले असतील तर त्या मातीत मूळगाठीवालाही असू शकतो.

१८. चुना, मीठ, फिनाईल, जीवामृत?

मीठ आणि फिनाईल झाडाला आधी मारतं. आपली माती आधीच चुनखडीकडे झुकलेली, तिला आणखी चुना कशाला? जीवामृताने निमॅटोड मरत नाही. घालत असाल तर घाला, पण त्याच्या भरवशावर तापवणं टाळू नका.

१९. माती कुठे तपासू?

नेहमीचा माती परीक्षण अहवाल यात कामाचा नाही, त्यात निमॅटोड मोजत नाहीत. महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र विभागात किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. नमुना मुळांजवळून, १५ ते २० सेंटिमीटर खोलीचा, दहा-बारा जागांचा एकत्र करून, थोड्या मुळांसकट प्लास्टिकच्या पिशवीत घ्या. वाळवू नका आणि गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, जीव मेला तर तपासणार काय?

घरी करायची चाचणीही विश्वासाची आहे. बेडमधली माती कुंडीत भरून काकडी किंवा भेंडीच्या चार बिया टोका, सावलीत ठेवा, चार-पाच आठवड्यांनी मातीसकट काढून मुळं धुवा. गाठी दिसल्या तर लावणीच्या आधीच कळलं. जुलैत ही कुंडी लावली की सप्टेंबरच्या निर्णयाला वेळ मिळतो.

२०. गाठी आलेल्या झाडाचे टोमॅटो खायला चालतात?

चालतात. तो मुळातच राहतो. फळ बारीक असेल, एवढंच.

२१. सगळी मातीच बदलून टाकली तर?

दहा गुंठ्यांतली फूटभर माती काढली तरी तीनशे घनमीटर होते. ती टाकायची कुठे, हा पहिला प्रश्न, कारण धुऱ्यावर ओतली तर पहिल्या पावसात परत आत येईल. नवीन माती कुठल्या वावरातली, हा दुसरा. ज्यांनी बदलली त्यांच्याकडेही खालच्या थरातून आणि खांबांच्या बुडातून तो दोन पिकांत वर आलेला दिसतो. तेवढ्या पैशात दोन उन्हाळ्यांचं प्लास्टिक, ढेप आणि एका हंगामाची कलमी रोपं बसतात. तरीही माती आणणारच असाल तर आधी थोडी आणून एकोणिसाव्या प्रश्नातली कुंडी लावा, आणि महिनाभर ट्रॉलीवाल्याला थांबायला सांगा.